फौजेत ‘डोक्याची कॅटेगरी’ लागली, तर मेडिकल बोर्डात नेमकं काय ठरतं?

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, मग ते अपशिंगे असो की जत-आटपाडीकडची एखादी वाडी, फौजेत कुणी नाही असं गाव शोधावं लागेल. तरीही ‘अमक्याला बोर्ड आऊट केलं’ असं कळलं की लोक आवाज खाली आणतात. पाय गेला, कान गेला तर माणूस जखमी जवान. आजार मनाचा असला की तोच माणूस ‘डोकं फिरून आलेला’. या कुजबुजीमुळे घरचे लोक कागद नीट वाचत नाहीत, वाचलेच तर दुसऱ्याला दाखवत नाहीत आणि अपिलाची मुदत निघून जाते. म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवू. बोर्ड आऊट होणं ही शिक्षा नाही. तो सेवेतून बाहेर पडण्याचा एक वैद्यकीय मार्ग आहे, आणि पेन्शनच्या दृष्टीने तो इतर बऱ्याच मार्गांपेक्षा चांगला आहे.

सैन्यात तब्येतीची प्रतवारी ‘शेप’ या पाच अक्षरांवर होते. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय, पी म्हणजे एकूण शारीरिक क्षमता आणि ई म्हणजे डोळे. प्रत्येकाला १ ते ५ असा आकडा मिळतो. १ म्हणजे ठणठणीत, ५ म्हणजे सैन्यसेवेला कायमचा अपात्र. ४ हा आकडा दवाखान्यात किंवा सिक लीव्हवर असतानाचा, तात्पुरता. पहिल्यांदा आजारी पडलेला जवान उपचारानंतर बहुधा एस-३ किंवा एस-२ मध्ये २४ आठवड्यांसाठी ठेवला जातो. कागदावर हे ‘टी-२४’ असं दिसतं. या काळात हत्यार, एकट्याची रात्रीची संत्री ड्युटी आणि उंचावरची पोस्टिंग यांपासून त्याला दूर ठेवतात. २४ आठवडे झाले की पुन्हा तपासणी. सुधारला तर कॅटेगरी वर सरकते, नाहीतर ती कायम होते. कायम लो मेडिकल, म्हणजे खालच्या कॅटेगरीत, असूनही पूर्ण नोकरी करून सन्मानाने घरी आलेले पुष्कळ आहेत. एस-५ लागला, तरच इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसतो, म्हणजे ज्याला सगळे बोर्ड आऊट म्हणतात तो.

पण बोर्ड बसेपर्यंत निम्मी केस लिहून झालेली असते. ती कुठे लिहिली जाते हे कळलं पाहिजे.

पहिली जागा म्हणजे सीओ साहेबांचा, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याचा, रिपोर्ट. मानसिक आजाराचा संशय आला की पलटणीकडून ‘एएफएमएसएफ-१०’ नावाचा फॉर्म भरला जातो आणि जवानाबरोबर मिलिटरी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात जातो. वागण्यात काय बदल झाला, कधीपासून झाला, ड्युटी कोणती होती, घरचा काही ताण होता का, दारू किती, असं सगळं त्यात येतं. डॉक्टर जवानाला ओळखत नसतात, त्यामुळे या फॉर्मला मोठं वजन असतं. ‘चार महिन्यांपासून झोपत नाही, एकटा बसतो, आधी उत्तम शिपाई होता’ हे एक वाक्य आणि ‘कामचुकार, वारंवार गैरशिस्त’ हे दुसरं. माणूस तोच, आजार तोच, पुढची वाट मात्र वेगळी. पलटणीत त्याचा भाऊबंद, गाववाला किंवा सीनियर जेसीओ असेल, तर बदल नेमका कधी दिसला हे कंपनी कमांडरच्या कानावर घालण्याची वेळ हीच.

दुसरी जागा म्हणजे घरच्यांचा जबाब, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. हॉस्पिटल वडिलांना किंवा बायकोला बोलावून घेतं. गावाकडून माणूस रात्रीची एसटी धरून येतो, अवघडून खुर्चीच्या कडेवर बसतो आणि बोलून जातो, ‘साहेब, हा पहिल्यापासूनच तापट आहे. ह्याच्या मामाचंबी असंच होतं.’ बापाच्या मनात एवढंच असतं की पोराला कुणी दोष देऊ नये. कागदावर मात्र दोन नोंदी होतात. एक, लक्षणं भरतीच्या आधीपासून. दोन, घराण्यात मानसिक आजार. पुढे बोर्ड याच दोन नोंदींवर बोट ठेवून लिहितं की आजार उपजत आहे, सेवेशी संबंध नाही.

लपवायला कुणी सांगत नाही. मामाला खरोखर आजार असेल तर तो सांगावाच, उपचारालाही त्याची गरज असते. पण तापट असणं म्हणजे आजार नव्हे. तेव्हा मोघम न बोलता तारखेनिशी बोलावं. बारावी कधी झाला, भरती कधी झाला, किती वर्षं सुट्टीला येऊन नीट वागून गेला, कोणत्या सुट्टीत पहिल्यांदा वेगळं वाटलं, त्याआधी तो कुठे पोस्टिंगला होता. एवढं एका कागदावर लिहून नेलं तर जीभ घसरत नाही.

तिसरी जागा म्हणजे दारू. मन बिघडलं की झोपेसाठी दारू सुरू होते, मग फक्त दारूच दिसते आणि निदानात दारूचं व्यसन आधी लिहिलं जातं. दारूच्या अतिसेवनातून आलेल्या अपंगत्वाला नुकसानभरपाई नाही, असा नियम जुनाच आहे. म्हणून आधी काय आलं, उदासी की बाटली, हा क्रम डॉक्टरांना स्पष्ट सांगणं फार महत्त्वाचं.

आता प्रत्यक्ष बोर्ड. एक अध्यक्ष आणि सदस्य अशा डॉक्टरांचं हे मंडळ. मानसोपचारतज्ज्ञाचं मत सोबत असतं आणि निकालावर वरच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची मंजुरी लागते. जवानाला आजारपणाच्या प्रश्नांखेरीज फारसं काही विचारत नाहीत, त्यामुळे खूपजणांना वाटतं की ही आणखी एक तपासणी. खरी गोष्ट शेवटच्या पानांवर, मताच्या रकान्यांत असते. आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे झाला नसेल, तर सेवेमुळे वाढला का? दोन्ही नाही, तर कारण काय? आणि अपंगत्व किती टक्के, किती काळासाठी?

पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ‘नाही’ आली की त्याला फौजी आणि वकील दोघेही ‘नाना’ म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. हा नाना मात्र घरात आला की पेन्शनीचा मोठा तुकडा घेऊन जातो.

सेवेशी संबंध कधी मानायचा, याची डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका आहे. सप्टेंबर २०२३ पर्यंत लागू असलेल्या २००८ च्या सुधारित आवृत्तीत मानसिक आजारांबद्दल बरंच नेमकं लिहिलंय. युद्धक्षेत्र किंवा दहशतवादविरोधी मोहिमेचा भाग, अतिउंच प्रदेश, अगदी एकाकी चौकी, जीव गेलेला सेवेतला वाहन अपघात, भूकंप-वादळासारख्या आपत्तीत मृतदेहांजवळ करावं लागलेलं काम, अशा ठिकाणी असताना आजार सुरू झाला तर संबंध मान्य करावा असं ती सांगते. सेवेत झालेल्या गंभीर दुखापतीनंतर, म्हणजे पाय कापावा लागणं, अर्धांग, डोक्याला मोठा मार यानंतर, वर्षभरात आजार आला तरीही.

याच मार्गदर्शिकेत एक कलम आहे जे गावाकडच्या घरांत सगळ्यात जास्त लागू पडतं आणि सगळ्यात कमी वापरलं जातं. सेवेच्या निकडीमुळे रजा नाकारली आणि त्यानंतर तीन महिन्यांत आजार उद्भवला, तर काही ठरावीक प्रसंगांत संबंध धरता येतो. एकुलता मुलगा असताना आई-वडिलांचा मृत्यू, बायको किंवा मुलाचा मृत्यू, कुटुंबावर खून-दरोड्यासारखा गुन्हा, कुटुंबाच्या जिवाला धोका असलेली नैसर्गिक आपत्ती, मुलांचं लग्न, एकटाच भाऊ असताना बहिणीचं लग्न. २०१९ च्या महापुरात सांगलीची कितीतरी घरं पाण्यात होती. अशा वेळी एखाद्याने रजा मागितली असेल आणि मिळाली नसेल, तर तो अर्ज पुराव्याचा कागद होतो. पण रजा तोंडी मागितली आणि तोंडीच नाकारली गेली असेल, तर दाखवायला काहीच उरत नाही. रजेचा अर्ज लेखीच द्यावा आणि त्याचा मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवावा.

लो मेडिकल असतानाच पुन्हा कठीण ठिकाणी पाठवलं आणि आजार वाढला, तर तो ‘सेवेमुळे वाढला’ यात मोडतो. कॅटेगरीचा कागद आणि बदलीचा आदेश, दोन्ही तारखांसह जवळ ठेवले तर हे दाखवणं सोपं जातं.

उलट बाजूही सांगायला हवी. बहुतेक नकारांत एकच कारण लिहिलेलं असतं, ‘आजाराची सुरुवात शांत ठिकाणी झाली’. शांत ठिकाण म्हणजे पीस स्टेशन. पण सुरुवात म्हणजे काय? हॉस्पिटलात भरती झाल्याची तारीख की पहिलं लक्षण दिसल्याची? दोन वर्षं काश्मीरमध्ये काढून पलटण पीसला आली आणि दुसऱ्याच महिन्यात माणूस कोलमडला, तर कागदावर सुरुवात पीसमध्ये दिसते. म्हणून पोस्टिंगचा तक्ता स्वतः करावा. ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, फील्ड की पीस की अतिउंच, आणि समोर त्या काळातल्या तब्येतीची नोंद. चार रकान्यांचं एक पान. अपिलात याचा उपयोग लांबलचक विनवण्यांपेक्षा जास्त होतो.

न्यायालयांनी काय म्हटलंय? २०१३ च्या धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि माणूस पुढे त्याच आजाराने बाहेर पडला, तर आजार सेवेमुळे बिघडला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे कारणांसह दाखवायची जबाबदारी लष्कराची. त्याच वर्षी वीरपाल सिंग या स्किझोफ्रेनियाच्या प्रकरणात बोर्डाचं मोघम मत न्यायालयाने पुरेसं मानलं नाही आणि फेरतपासणी करायला लावली. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालात म्हटलं की बोर्ड आऊट केलं याचाच अर्थ अपंगत्व २० टक्क्यांच्या वर. हे सगळं ऐकून हुरळून जाऊ नये. २०१९ च्या नरसिंग यादव प्रकरणात, तोही स्किझोफ्रेनियाच, याच न्यायालयाने बोर्डाच्या मताला वजन दिलं आणि पेन्शन नाकारली. असे आजार भरतीच्या तपासणीत सहसा दिसत नाहीत, असं कारण त्यात होतं. शिवाय २००८ चे आणि नंतर सप्टेंबर २०२३ पासूनचे पात्रता नियम १९८२ च्या नियमांपेक्षा जवानाला कमी अनुकूल आहेत. तुम्ही कोणत्या तारखेला बाहेर पडलात त्यावर कोणते नियम लागतात ते ठरतं. शेजारच्या गावातल्या सुभेदाराला मिळालं म्हणून मलाही मिळेल, हा हिशेब इथे चालत नाही.

पैशाचं गणित एकदा मांडून बघू. शेवटचं पेन्शनपात्र वेतन ४०,००० रुपये धरू. अपंगत्व ४० टक्के आणि सेवेशी संबंध मान्य. सेवा घटक, म्हणजे नोकरीपोटी मिळणारा पेन्शनचा भाग, वेतनाच्या निम्मा, म्हणजे २०,०००. त्याला किमान नोकरीची अट नाही. अपंगत्व घटक १०० टक्क्यांना वेतनाच्या ३० टक्के असतो, म्हणजे १२,०००. बोर्ड आऊट झालेल्यांचे टक्के वरच्या टप्प्यात धरतात: ५० च्या खालचे ५०, ५० ते ७५ मधले ७५, त्यावरचे १००. म्हणून ४० चे झाले ५०, आणि घटक आला ६,०००. एकूण २६,००० अधिक महागाई भत्ता.

तोच माणूस ‘नाना’ झाला तर? नोकरी १० वर्षं किंवा जास्त असेल तर इनव्हॅलिड पेन्शन मिळते, म्हणजे २०,००० हाती राहतात. १० वर्षांच्या आत असेल तर जुन्या नियमाने एकरकमी ग्रॅच्युइटी आणि रामराम. जुलै २०२० च्या आदेशाने १० वर्षांच्या आतल्यांनाही पेन्शन खुली केली, पण ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांनाच, आणि सैन्यसेवेबरोबर नागरी नोकरीलाही कायमचा अक्षम असल्याची अट घालून. ही दुहेरी अट न्यायाधिकरणापुढे वादाची ठरली आहे. आठ वर्षं नोकरी झालेल्या जवानासाठी तो एक रकाना म्हणजे आयुष्यभराची पेन्शन की एक चेक, इतका फरक.

अग्निवीरांचा हिशेब निराळा. त्यांना पेन्शनच नाही. सेवेशी संबंधित अपंगत्व ५०, ७५ किंवा १०० टक्के ठरलं तर अनुक्रमे १५, २५ किंवा ४४ लाख रुपये, उरलेल्या कराराचा पगार आणि सेवानिधी, म्हणजे अग्निवीराला मिळणारी एकरकमी रक्कम. इथे ‘नाना’चा फटका आणखी जबर बसतो.

आता चुकीच्या वाटांबद्दल. पहिली चूक म्हणजे कंटाळून स्वतःच्या अर्जावर घरी येणं. ‘घरची अडचण आहे, सोडा’ असा अर्ज दिला की आजार बाजूला पडतो, आणि १५ वर्षं झाली नसतील तर शिपायाला साधी पेन्शनही नाही. मन ठिकाणावर नसलेल्या माणसाला ही वाट सोपी वाटते, कुणी आपुलकीने सुचवतोही. घरच्यांनी फोनवर एवढंच सांगावं, ‘कशावरही सही करण्याआधी वाचून दाखव.’

दुसरी चूक म्हणजे सुट्टीवरून परत न जाणं. आजारी माणूस घरी राहतो, घरचे ‘होईल बरा’ म्हणून देवऋष्याकडे नेतात, तिकडे पलटणीत तो गैरहजर लागतो. ३० दिवसांनंतर कोर्ट ऑफ इन्क्वायरी होऊन भगोडा जाहीर होऊ शकतो. पुढे बडतर्फी आली तर पेन्शनचा विषयच संपतो. सुट्टीत बिघडलं तर जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला नेऊन दाखल करायचं. साताऱ्याहून पुणे, सांगली-मिरजेहून बेळगाव सोयीचं. तेवढंही जमण्यासारखं नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा मिरजेच्या शासकीय रुग्णालयात दाखवून केसपेपर घ्यायचा आणि त्याच दिवशी पलटणीला फोन, ईमेल आणि रजिस्टर पोस्ट. पोस्टाची पावती केसपेपरला टाचून ठेवायची.

तिसरी चूक जवानाची नसते. आजारामुळे झालेलं भांडण, उशीर, उलट उत्तर यांना शिक्षा होत जाते, चार लाल शाईच्या नोंदी जमतात आणि ‘अनावश्यक’ म्हणून डिस्चार्ज मिळतो. चार नोंदी झाल्या की आपोआप काढता येत नाही, आधी चौकशी व्हावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सांगितलं आहे. शिक्षेच्या तारखा आणि उपचाराच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तर पुष्कळदा चित्र स्वतःच बोलतं. तसंच, तब्येतीच्या कारणाने सेवेतून काढायचं तर इनव्हॅलिडिंग बोर्डाची शिफारस हवीच, हे आर्मी रूल १३ मध्ये आहे आणि २००८ च्या राजपाल सिंग निकालात पक्कं झालेलं आहे. नुसत्या रिलीज बोर्डावर, म्हणजे नोकरी संपताना होणाऱ्या तपासणीवर, लो मेडिकल म्हणून मधूनच घरी पाठवलं असेल तर तो आदेशच तपासून घ्यावा.

अपंगत्व कायदा आहे ना, मग नोकरीवरून कसं काढतात, असा प्रश्न हमखास येतो. २०१६ च्या कायद्यात नोकरीत अपंगत्व आलेल्याला काढू नये असं कलम आहे खरं, पण सैन्यदलांतल्या लढाऊ पदांना त्यातून सूट दिलेली आहे.

दावा फेटाळल्याचं पत्र रेकॉर्ड ऑफिसकडून येतं. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगावहून, इतरांना आपापल्या रेजिमेंटच्या ठिकाणाहून. त्या पत्राच्या पाकिटावरच्या शिक्क्यासकट फोटो काढा, कारण तारीख मोजायची आहे. सहा महिन्यांत पहिलं अपील. तेही फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं. मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आपल्यासाठी मुंबईचं खंडपीठ, तिथेही अंतिम आदेशापासून सहा महिने. अपिलावर सहा महिने उत्तरच आलं नाही तरी पुढे जाता येतं. मुदत टळली म्हणून सगळं संपलं असं नाही, पेन्शनचा दावा उशीर माफ होऊन ऐकला जातो. थकबाकी मात्र साधारणपणे मागच्या तीनच वर्षांची मिळते. दहा वर्षं गप्प बसलात तर सातांवर पाणी.

अपील लिहिण्याआधी बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत हातात हवी. नसेल तर माहिती अधिकारात १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करायचा: बोर्डाची सर्व पानं, एएफएमएसएफ-१०, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, सर्व कॅटेगरी बोर्ड, पोस्टिंग प्रोफाइल. हे पाच नावानिशी मागा. ‘सर्व कागद’ म्हटलं की दोन पानं येतात. प्रत आली की सरळ कारणाच्या रकान्यावर जा. तिथे नुसतं ‘उपजत आजार’ किंवा ‘पीसमध्ये सुरुवात’ एवढंच असेल, भरतीच्या तपासणीत नोंद कशी नव्हती याचं उत्तर नसेल, फील्डच्या वर्षांचा उल्लेख नसेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तोच.

अर्ज भरून घ्यायला सातारा आणि सांगली दोन्हीकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. २०२५ मध्ये सुरू झालेल्या वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक मंडळांच्या कार्यालयांत मोफत कायदेशीर मदतीची सोय केली जाते, त्याची चौकशी तिथेच करावी. पेन्शनीचे ठराविक टक्के मागणाऱ्या मध्यस्थांपासून लांब राहिलेलं बरं. जिल्हा रुग्णालयातून मिळणारं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं. ते नागरी सवलतींसाठी आहे, त्यातले टक्के बोर्डावर बंधनकारक नाहीत. तरी ४० टक्के किंवा जास्त असेल तर काढून ठेवावं.

गोळ्या थांबवू नयेत. घरी आलं, झोप लागायला लागली की ‘आता बरा आहे’ म्हणून औषधं बंद होतात आणि काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, आजार उलटतो. पेन्शनर असेल तर ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, कार्डावर उपचार होतात. पेन्शनचा निकाल लागेपर्यंत जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि १४४१६ हा टेली-मानस क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतूनही. त्याच यंत्रणेचा फौजींसाठीचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे.

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हातात आला की खुशीत ट्रंकेत टाकू नका. आधी चार जागा बघा. सेवा घटक आणि अपंगत्व घटक वेगवेगळे लिहिलेत का. टक्के वरच्या टप्प्यात धरलेत का. मुदतीच्या जागी ‘आजीवन’ आहे की तारीख, कारण तारीख असेल तर त्याआधी फेरतपासणी बोर्डाला जावं लागतं आणि ते चुकलं की अपंगत्व घटक थांबतो. चौथं, बायकोचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का. ती चूक दुरुस्त करून घ्यायला जवान हयात असतानाच ‘स्पर्श’ या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करणं सोपं जातं.